वातायन ते तावदान : पश्चिम भारतातील घरांच्या खिडकीबदलाचा इतिहास

प्रस्तावना

वास्तुरचनेचा इतिहास प्रामुख्याने राजवाडे, मंदिरे, किल्ले आणि सार्वजनिक इमारती यांच्या आधारे लिहिला गेला आहे. सामान्य माणसाच्या घराचा विचार त्यात तुलनेने कमी आढळतो आणि घराच्या एकेका घटकाचा विचार तर त्याहूनही कमी. वास्तविक घराच्या भिंती व पाया दोन-तीन पिढ्या टिकतात. खिडकी मात्र त्याच घरात दोनदा-तीनदा बदलली जाते. त्यामुळे त्या त्या काळातील कुटुंबाला कशाची भीती वाटत होती, कशाची हौस होती आणि कोणती वस्तू परवडत होती, याची नोंद खिडकीत उमटलेली असते.

खिडकीसाठी वापरले जाणारे शब्द या दृष्टीने उद्बोधक आहेत. संस्कृतमधील 'वातायन' म्हणजे वाऱ्याचा मार्ग. इंग्रजीतील 'विंडो' हा शब्दही प्राचीन नॉर्स भाषेतील 'वाऱ्याचा डोळा' या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. मराठीत रुळलेला 'तावदान' हा शब्द फारसी 'ताबदान' यावरून आला असून त्याच्या मुळाशी प्रकाशाची कल्पना आहे. कोकणीतील 'जनेल' हा पोर्तुगीज 'जनेला'चा अवतार. त्याचा मूळ लॅटिन अर्थ 'लहान दार'. वारा, प्रकाश आणि दार, म्हणजेच आतबाहेर करण्यावरील नियंत्रण, अशी खिडकीची तीन कार्ये या तीन शब्दांतून व्यक्त होतात. पश्चिम भारतात घरांच्या खिडक्या ज्या ज्या वेळी बदलल्या गेल्या, त्या त्या वेळी यांपैकी एका कार्याला प्राधान्य मिळाले आणि दुसरे मागे पडले, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. आज जुनी खिडकी काढून नवी बसविताना होणाऱ्या निवडीचा अर्थही याच संदर्भात लावावा लागतो.

१. लाकडी झडपेची खिडकी

पेशवाईच्या काळातील व त्यानंतरच्या वाड्यांची रचना अंतर्मुख होती. घराचा उजेड व वारा मुख्यतः चौकातून येत असे. रस्त्याकडील तळमजल्याच्या भिंती जाड व जवळजवळ बंद असत. वरच्या मजल्यावर मात्र खिडक्यांची संख्या वाढे. या खिडकीला काच नव्हती. लाकडी चौकट, तीत बसविलेले गज आणि आतल्या बाजूस उघडणाऱ्या फळ्यांच्या झडपा एवढेच तिचे घटक होते. झडप उघडली की वारा व प्रकाश दोन्ही येत. मिटली की दोन्ही बंद होत.

या साधेपणातही सूक्ष्म विचार होता. अनेक ठिकाणी खिडकीला वर दोन व खाली दोन अशा चार झडपा असत. खालच्या झडपा मिटून वरच्या उघड्या ठेवल्या की रस्त्यावरील नजर आत येत नसे, पण वारा खेळता राही. पावसाची झड आली तर वाऱ्याच्या बाजूची तेवढी झडप लावता येई. माडीवरील खिडकीचा तळ बराच खाली असे, कारण माणसे जमिनीवर बसत आणि झोपत. वारा त्यांच्या अंगाला लागणे आवश्यक होते. पुढे खुर्ची, टेबल व पलंग यांचा वापर वाढला तसा खिडकीचा तळही वर चढला. घरातील बैठक बदलली की खिडकी बदलते, याचे हे स्पष्ट उदाहरण होय.

दुरुस्तीची पद्धतही लक्षात घेण्यासारखी आहे. सागवानी चौकटीचा पावसाने कुजलेला तुकडा कापून त्या जागी नवा सांधणे, सैल झालेली बिजागरी बदलणे, फुगलेली झडप रंधून घेणे ही गावातील सुताराची नित्याची कामे होती. खिडकी संपूर्ण बदलण्याची वेळ क्वचित येई. तिचे भाग बदलले जात.

२. शिंपल्यांची तावदाने

झडप मिटली की काळोख होतो, ही लाकडी खिडकीची मूळ अडचण. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने ती विशेष जाणवत असे. काच हा त्यावरचा उपाय ठरू शकला असता. परंतु सतराव्या शतकात काच ही दूरवरून येणारी महाग वस्तू होती. १६७२ ते १६८२ या काळात पूर्वेकडील देशांत प्रवास केलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याचा वृत्तान्त १६९८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरतेत काच दुर्मीळ असल्याने खिडक्यांना कोरीव लाकडाच्या जाळ्या, अभ्रक किंवा शिंपले बसवीत, अशी नोंद त्याने केली आहे.

शिंपल्यांची ही पद्धत गोव्यातील घरांत सर्वाधिक विकसित झाली. प्लॅक्युना प्लासेन्टा या शास्त्रीय नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिंपल्याची कवचे सपाट, पातळ व अर्धपारदर्शक असतात. ती चौकोनी कापून लाकडाच्या बारीक पट्ट्यांच्या खाचांत ओळीने सरकविली जात. अशा खिडकीतून मऊ, दुधी प्रकाश आत येतो. उन्हाची तिरीप मोडते आणि बाहेरच्याला आतले दिसत नाही. शिंपला फुटला तर तेवढाच काढून दुसरा बसविता येतो. प्रकाश आणि आडोसा यांचा मेळ स्थानिक साधनांतून घातल्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

काच स्वस्त झाल्यावर शिंपल्यांची जागा तिने घेतली, हे स्वाभाविक होते. तथापि, आज जुने घर जतन करू इच्छिणाऱ्यासमोर वेगळाच पेच आहे. झुआरी नदीच्या मुखाजवळील चिखलीच्या उपसागरात या शिंपल्याची वस्ती आहे. मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये २००१ मध्ये या प्रजातीला संरक्षण देण्यात आले. त्यामुळे निसर्गातून शिंपले गोळा करून खिडकी पूर्ववत करणे हा मार्ग उरलेला नाही. जुन्या, मोडलेल्या खिडक्यांतील शिंपले जपून वापरणे किंवा त्या जागी दुधी काच बसविणे एवढेच पर्याय घरमालकाजवळ राहतात. वास्तूचे जतन आणि निसर्गाचे जतन यांचा असा सामना एका खिडकीच्या निमित्ताने होतो.

३. प्लेग, प्रकाशकोन आणि कायद्याने आलेली खिडकी

एकोणिसाव्या शतकात मुंबईत गिरण्या वाढल्या आणि कामगारांच्या वस्त्या दाटीने उभ्या राहिल्या. दोन इमारतींमध्ये हातभर अंतराची बोळ, तीत उघडणारी खिडकी आणि तिच्यातून येणारी दुर्गंधी, यामुळे खिडकी असूनही ती मिटलेलीच राही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि घरातील अंधार व कोंदट हवा हा सार्वजनिक प्रश्न बनला. प्लेगविरोधी मोहिमेत ऊन व वारा आत यावा म्हणून घरांची कौले काढण्यात आली. रहिवाशांच्या दृष्टीने ही घरावरची आक्रमक कारवाई होती. प्रशासनाच्या दृष्टीने मात्र ती सक्तीने पाडलेली खिडकीच होती.

१८९८ च्या कायद्याने मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१० च्या दशकात साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाच्या नियमाचा आग्रहाने पुरस्कार केला. या कोनाची स्पर्शज्या जवळपास २ येते. साध्या भाषेत सांगायचे तर समोरची इमारत खोलीच्या पातळीपासून जितकी उंच असेल, त्याच्या निम्मे तरी अंतर खिडकीसमोर मोकळे असले पाहिजे. ४० फूट उंचीसाठी २० फूट, असा हा हिशेब. खिडकीचा आकार पुरेसा नसून तिच्यासमोरचे आकाश महत्त्वाचे आहे, ही दृष्टी या नियमामुळे नगररचनेत आली.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने एक बाब नोंदविणे आवश्यक आहे. प्लेगचा प्रसार कोंदट हवेने नव्हे, तर उंदरांवरील पिसवांमार्फत होतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडले व पुढील दशकात भारतातील प्लेग आयोगाच्या प्रयोगांनी त्याला पुष्टी मिळाली. म्हणजे ज्या कारणासाठी उजेड व वारा यांचा आग्रह धरला गेला, ते कारण प्लेगपुरते चुकीचे होते. परंतु श्वासावाटे पसरणाऱ्या क्षयासारख्या रोगासाठी तोच उपाय योग्य होता. चुकीच्या गृहीतकातून योग्य नियम निर्माण होण्याचा हा प्रसंग सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात महत्त्वाचा मानला पाहिजे.

४. पोलाद, काच आणि सिमेंटचा छज्जा

१९३० च्या दशकात मरीन ड्राइव्ह, ओव्हल मैदानाचा परिसर, दादर, माटुंगा या भागांत सिमेंट-काँक्रीटच्या नव्या इमारती उभ्या राहिल्या. काँक्रीटमुळे खिडकीवरील तुळई सडपातळ झाली, रुंद खिडकी शक्य झाली आणि तिच्यावर भिंतीबाहेर झेपावणारा पातळ छज्जा टाकता येऊ लागला. इंग्लंडमध्ये क्रिटॉल कंपनीने १८८४ पासून धातूच्या खिडक्या तयार करण्यास प्रारंभ केला होता. पोलादी खिडकीचा हा प्रकार मुंबईसारख्या बंदरातही आला. बारीक पोलादी पट्ट्यांत लांबी भरून बसविलेली काच, बिजागरीवर बाहेर उघडणारी झडप आणि वर छज्जा, अशी ही खिडकी प्रकाश व वारा या दोन्ही कसोट्यांवर उतरत होती. झडप पूर्ण उघडत असल्याने चौकटीचा जवळजवळ संपूर्ण भाग वाऱ्यासाठी मोकळा होई आणि मध्यम पावसातही छज्ज्यामुळे ती उघडी ठेवता येई.

तिचा शत्रू होता समुद्राचा खारा वारा. पोलाद गंजले की फुगते. फुगलेल्या चौकटीने काचेला तडे जातात आणि भोवतालचा गिलावा सुटतो. दर काही वर्षांनी गंज खरवडून रंग देणे हा त्यावरचा उपाय होता आणि तो सातत्याने करणारा कोणीतरी असणे गरजेचे होते. मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. अशा इमारतींत मूळ आडव्या पट्ट्यांची खिडकी काढून वेगळ्या धाटणीची बसविली की दर्शनी भागाची लयच बिघडते. म्हणून तेथे खिडकीची निवड ही केवळ खाजगी बाब राहत नाही.

५. भाडेनियंत्रण आणि रखडलेली दुरुस्ती

खिडकीची देखभाल कोणी करायची, या प्रश्नाला मुंबईत कायद्याचा पदर आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने बहुसंख्य जुन्या जागांचे प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. भाडेकरूला संरक्षण मिळाले, ही त्याची जमेची बाजू. परंतु दुरुस्तीचा खर्च वाढत असताना उत्पन्न गोठल्यामुळे अनेक मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरविली. १९६९ च्या कायद्याने उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ निर्माण झाले. पण इमारत कोसळू नये ही त्याची पहिली चिंता असल्याने खिडकीचा क्रम साहजिकच शेवटी लागला.

परिणामी भाडेकरूंनी आपापल्या खोलीची खिडकी आपल्या खर्चाने बदलण्यास सुरुवात केली. एकाने लाकडी झडप ठेवली, दुसऱ्याने काचेच्या आडव्या पट्ट्या बसविल्या, तिसऱ्याने बाहेर पेटीसारखी लोखंडी जाळी काढून तीत कुंड्या व अडगळ ठेवली. एकाच चाळीच्या दर्शनी भागावर खिडक्यांचे चार-पाच प्रकार दिसतात, ते रहिवाशांच्या अभिरुचीतील विसंगतीमुळे नव्हे. सामूहिक देखभालीची जबाबदारी मोडून पडल्याची ती दृश्य खूण आहे.

६. सरकती खिडकी : काय मिळाले, काय गेले

ॲल्युमिनियमच्या खिडक्यांसाठी भारतीय मानक १९६१ मध्येच तयार झाले होते. तथापि, सामान्य घरांत ती रुळली विसाव्या शतकाच्या अखेरीस. १९८९ मध्ये ॲल्युमिनियमवरील किंमत व वितरण नियंत्रण उठले. सागवान महागले. वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट करण्याची जी फ्लोट प्रक्रिया १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये जाहीर झाली, तिच्यावर आधारित उत्पादन पुढे भारतातही सुरू झाले आणि मोठी, नितळ काच आवाक्यात आली. या साऱ्यातून दोन रुळांवर सरकणारी काचेची खिडकी नव्या सदनिकांत सर्वमान्य ठरली. २००० नंतर तिच्या जोडीला यूपीव्हीसी या न गंजणाऱ्या कठीण प्लॅस्टिकच्या चौकटीही आल्या.

या खिडकीचे लाभ नाकारता येणार नाहीत. ती फुगत नाही, तिला वाळवी लागत नाही, उघडताना खोलीतील जागा अडत नाही आणि वाऱ्याने झडप आपटत नाही. डासांची जाळी तिसऱ्या रुळावर सहज बसते. हिवताप व डेंग्यू असलेल्या प्रदेशात हा गुण लहान नव्हे. परंतु दोन तावदानांची सरकती खिडकी कितीही उघडली तरी निम्मीच उघडते, कारण एक तावदान दुसऱ्याच्या मागे जाऊन थांबते.

या निम्मेपणाचा अर्थ आकड्यांनी स्पष्ट होतो. राष्ट्रीय इमारत संहितेने उष्ण व दमट हवामानासाठी खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक-षष्ठांश इतके खिडक्यांचे क्षेत्र सुचविले आहे. थंड हवामानासाठी ते एक-द्वादशांश आहे. १२० चौरस फुटांच्या खोलीला पहिल्या नियमाने २० चौरस फुटांची, म्हणजे ५ फूट रुंद व ४ फूट उंच खिडकी लागते. बिजागरीच्या झडपांची खिडकी असल्यास यातील बहुतेक भाग उघडतो. सरकती असल्यास १० चौरस फूट उघडतात, म्हणजे खोलीच्या क्षेत्रफळाचा एक-द्वादशांश भाग. दमट किनाऱ्यावरील घराला प्रत्यक्षात थंड प्रदेशातील घराइतकाच वारा उरतो. कागदावर मात्र खिडकी नियमाप्रमाणे असते.

२०१८ मध्ये केंद्र शासनाच्या ऊर्जा मंत्रालयाने निवासी इमारतींसाठी 'इको-निवास संहिता' जाहीर केली. तीत खिडकीच्या एकूण क्षेत्राऐवजी उघडू शकणाऱ्या क्षेत्राचे प्रमाण धरण्यात आले आहे. उष्ण व दमट विभागासाठी ते किमान १६.६६ टक्के असून थंड विभागासाठी ८.३३ टक्के आहे. बिजागरीच्या खिडकीचा ९० टक्के भाग व दोन तावदानांच्या सरकत्या खिडकीचा ५० टक्के भाग उघडा धरावा, असे तीत सुचविले आहे. वातायन आणि तावदान यांतील भेद येथे प्रथमच मोजमापाच्या भाषेत आला, असे म्हणता येते.

७. आजची निवड

हा भेद केवळ सुखसोयीचा नाही. मुंबईच्या एम-पूर्व विभागातील तीन पुनर्वसन वसाहतींचा वास्तुरचना व क्षयरोग यांच्या संबंधाच्या दृष्टीने झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रकाशित झाला. इमारती परस्परांना खेटून असलेल्या वसाहतींत प्रकाश व वायुवीजन अपुरे आणि क्षयाचे प्रमाण अधिक, असा संबंध त्यातून पुढे आला. ऑर यांनी शतकापूर्वी मांडलेला प्रश्न नव्या इमारतींत पुन्हा उभा राहिला आहे. २०२० च्या कोविड साथीनेही खिडकी उघडी ठेवण्याचे महत्त्व घराघरांत पोहोचविले.

दुसऱ्या बाजूस वातानुकूलनामुळे बंद खिडकी ही काही कुटुंबांची गरज बनली आहे. दोन काचांमध्ये हवेचा थर ठेवण्याची कल्पना अमेरिकेत १८६५ मध्ये पेटंट झाली. तिचा प्रमुख उपयोग थंड प्रदेशात घरातील उष्णता राखण्याचा. रस्त्याचा गोंगाट किंवा सतत चालणारे वातानुकूलन असेल तर ती येथेही उपयुक्त आहे. पंख्यावर व वाऱ्यावर विसंबणाऱ्या घरात मात्र तिचा खर्च फारसा भरून येत नाही, कारण खिडकी उघडताक्षणी दुहेरी काचेचा लाभ संपतो. तेथे छज्जा आणि पूर्ण उघडणारी झडप हीच अधिक हिताची ठरतात.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) पश्चिम भारतातील प्रत्येक खिडकीबदलाने एका विशिष्ट अडचणीचे निराकरण केले. शिंपल्याने व काचेने अंधाराचे, प्रकाशकोनाच्या नियमाने दाटीचे, पोलादाने व काँक्रीटने रुंदीच्या मर्यादेचे, तर सरकत्या खिडकीने देखभालीचे.

(२) यातील अखेरच्या बदलात प्रकाश व दृश्य वाढले, परंतु वाऱ्याचा मार्ग निम्मा झाला. खिडकीची किंमत चौरस फुटावर आकारली जाते आणि त्या चौरस फुटांपैकी उघडणारे किती, हे विचारले जात नाही. त्यामुळे हा तोटा ग्राहकाच्या नजरेतून सुटतो.

(३) खिडकी बदलताना साहित्य लाकूड, ॲल्युमिनियम की यूपीव्हीसी, हा प्रश्न दुय्यम आहे. ती किती उघडेल, पावसात उघडी राहील काय आणि एखादा भाग बिघडल्यास तेवढाच बदलता येईल काय, हे प्रश्न आधीचे आहेत. बिजागरीच्या झडपा ॲल्युमिनियम व यूपीव्हीसी या दोन्हींत मिळतात, हे येथे ध्यानात घ्यावे.

(४) जुनी सागवानी चौकट सुस्थितीत असेल तर कुजलेला भाग सांधून ती ठेवणे, हा मागासलेपणा नसून परंपरेने सिद्ध केलेला काटकसरीचा मार्ग आहे.

वाड्यातील चार झडपांची खिडकी पुन्हा सर्वत्र यावी, असा या विवेचनाचा आग्रह नाही. आडोसा राखूनही वारा घेता येतो, हे जे ज्ञान त्या झडपांत होते, ते खिडकीसोबत भंगारात जाऊ नये, एवढेच इतिहासाचे सांगणे आहे.